दाद देणारे आणि राखणारे

संयुक्त ‘मानापमान’ काही डोक्यातून जात नाही. ८ जुलै १९२१, मुंबई. टिळक स्वराज्य फंडासाठी खेळ. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन नाटक कंपन्यांचे दोन मालक आणि दोघांचे भक्त एकाच छपराखाली! यांतले किती जण नाटक पाहायला आले असतील अन् किती जण कुस्ती?

आमच्या लोधीखेड्यात भजनाला हेच चालतं. पेटीवाल्यानं अवघड जागा घेतली की एखादे आजोबा मांडीवर थाप मारतात. पलीकडच्या मंडळाचे लोक मात्र नेमके तेव्हाच सुपारी कातरायला घेतात. ऐकलेलं असतं, बरं का, सगळं! दाद राखून ठेवायलाही कान लागतो.

मला जास्त छळतो तो ‘मानापमान’चा १९११ चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली होती. तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. ‘वन्स मोअर’ मागणाऱ्यांपैकी कितींना ते ठाऊक असेल? ठाऊक असतं, तर मागितला नसता का? मागितलाच असता, असं वाटतं. प्रेक्षक लोभी असतो, मीही आहे.

केशवराव त्याच १९२१ च्या ऑक्टोबरात गेले. वय अवघं एकतीस.