स्लॅबवाला कौलांकडे वळतो

आमच्या पट्ट्यात मी ‘स्लॅबवाला’ म्हणून ओळखला जातो. दापोली-गुहागर भागात कौलं उतरवून स्लॅब टाकायची म्हटली की लोक माझ्याकडे यायचे, आणि मीही त्यांना दुसरा विचार करायला फारशी सवड देत नसे. हल्ली तेच लोक त्याच स्लॅबवर पत्र्याची शेड घालायला बोलावतात. कोकणात कुठल्याही वाडीत फिरा, निळ्या नाहीतर तांबड्या पत्र्याखाली झाकलेली स्लॅब दिसतेच. छपरावर छप्पर! मी मात्र साध्या बैठ्या घराला स्लॅब सुचवणं सोडलंय. जुन्या गिऱ्हाइकांना हे पटत नाही. ‘वय झालं साहेबांचं’ असंही कानावर आलं. प्रत्येकाला चहाच्या टपरीवर समजावत बसण्यापेक्षा एकदा लिहून टाकावं म्हटलं.

सिमेंटवरचा माझा विश्वास किल्लारीच्या भूकंपातून आला. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट. आमच्या पिढीच्या इंजिनिअरांनी त्या भूकंपाचे फोटो पुस्तकापेक्षा जास्त बारकाईनं वाचले. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यांची आतली आणि बाहेरची फळी एकमेकींना बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. भिंती फाकल्या, माळवद खाली आलं, झोपेतली हजारो माणसं गेली. त्या ढिगाऱ्यातून निघणारा धडा एकच होता : घर बांधलेलं हवं, नुसतं रचलेलं नको. सळई आणि काँक्रीट ते काम करतात. यातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही. चार मजले चढवायचे असतील तर आजही आरसीसीच.

पण किल्लारीची जमीन कोरडी, आणि माझी घरं खाडीच्या काठावर. तिकडचं उत्तर मी इकडे आणलं, आणि ते इथल्या हवेत कसं म्हातारं होतं हे बघायला पंचवीस-तीस वर्षं जावी लागली.

ताज्या काँक्रीटमधला चुना इतका तीव्र असतो की त्याचा पीएच १२.५च्या वर जातो. त्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर ऑक्साइडचा एक पातळ थर धरतो, डोळ्यांना न दिसणारा. तो आहे तोवर लोखंड गंजत नाही. त्याचे शत्रू दोन. एक म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो छिद्राछिद्रांतून आत शिरतो आणि चुन्याचा पुन्हा चुनखडक करतो. पीएच ९च्या आसपास उतरला की सळई उघडी पडल्यासारखीच. दुसरा शत्रू मीठ, आणि हा जास्त लबाड. तो पीएचला हात लावत नाही, थेट त्या थराला भोकं पाडतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, कधी कधी सहापटीपर्यंत. आतून फुगणाऱ्या सळईला काँक्रीट आवरू शकत नाही, कारण दाबाखाली खंबीर असलेलं हे द्रव्य ताणाखाली दुबळं आहे.

खाडीकाठच्या एका घराचा खांब तपासत होतो. बांधकाम माझं नव्हतं. हातोडीनं ठोकत गेलो तर एका बाजूला बद्द आवाज. सळईवरचं काँक्रीटचं कव्हर फोडलं आणि ताज्या तुटीवर फिनॉल्फ्थॅलिन मारलं. जिथं काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे तिथं हे औषध गुलाबी होतं, जिथं हवेनं खाल्लंय तिथं रंगहीन राहतं. इथं जवळजवळ पृष्ठभागापासूनच गर्द गुलाबी. घरमालकांच्या चेहऱ्यावर हसू आलं, ‘म्हणजे बरं आहे ना सगळं?’ मी सळई आणखी मोकळी केली. बारा मिमीच्या सळईला जागोजाग खळगे, एके ठिकाणी करंगळीचं नख बसेल एवढे, आणि खळग्यात ओला काळपट गंज, हवा लागताच तांबूस होणारा. मीठ वाळूतूनच आलं होतं. त्या काळी खाडीची रेती सर्रास वापरायचे, गोड्या पाण्यात धुऊन घेण्याचा त्रास कोण घेतो? म्हणजे खांब ओतला त्याच दिवशी त्याचा रोग आत बसला होता, आणि वरचं प्लास्टर एवढी वर्षं गुळगुळीत दिसत होतं.

तरीही माझं मत या खांबानं बदललं नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं : काम नीट करा. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटला ‘सिव्हिअर’ वर्गात टाकतं. किमान एम-३० ग्रेड, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५च्या वर नको, सळईवर ४५ मिमी कव्हर. लाटेचे तुषार थेट येत असतील तर ५०. हे पाळलं तर काँक्रीट टिकतं, हे खरंच आहे. फक्त हे पाळायचं कुणी? आमच्याकडच्या सेंट्रिंगवाल्याला ४५ मिमीचा कव्हर ब्लॉक दाखवला की तो मालकाकडे बघून हसतो. मिक्सरमध्ये माल घट्ट वाटला की कुणीतरी बादलीभर पाणी ओततोच. माझ्या पाठीमागे, आणि खरं सांगायचं तर कधी कधी माझ्यासमोरही.

मत हललं ते दुरुस्तीनं. गंजलेला भाग फोडायचा, सळई घासायची, औषध लावायचं, पॉलिमरचा माल भरायचा, ही ठरलेली पद्धत. काम चोख असलं तरी काही पावसाळ्यांनी त्या ठिगळाच्या कडेलाच नवी भेग. गिऱ्हाईक म्हणतं, माल हलका वापरलात. माल चांगला असतो, घोटाळा वेगळाच आहे. गंजणं ही विद्युत-रासायनिक क्रिया. एकाच सळईचा एक भाग झिजतो आणि त्याच्या झिजेवर शेजारचा भाग सुरक्षित राहतो. आपण झिजणारा भाग निरोगी केला की ते झिजणं शेजाऱ्याकडे जातं, कारण त्याच्याभोवतीचं मीठ तसंच असतं. म्हणजे दुरुस्ती जितकी उत्तम, तितका शेजारी अडचणीत. उपाय आहे : ठिगळाच्या कडेनं जस्ताचे तुकडे सळईला बांधायचे. जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचवतं, पत्र्याला जस्ताचा मुलामा देतात तो याचसाठी. पण जस्तही संपतं, आणि किती उरलं हे फोडल्याशिवाय नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

तोवर मी कुठल्याही द्रव्याला एकच प्रश्न विचारत होतो : किती वर्षं? आता त्याआधी दुसरा विचारतो : बिघडलं तर दिसेल का, आणि गावातल्या गवंड्याला, सुताराला ते काढून बदलता येईल का? पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की आत पिवळं दिसायचं आणि आई कल्हईवाल्याला हाक मारायची. त्यात कुणाला तपासणी करावी लागत नव्हती. कौलाचंही तसंच. फुटलं की थेंब थेट अंथरुणावर. एक कौल काढा, दुसरं सरकवा. वासा वाळवीनं पोखरला तर भुसा खाली पडतो. स्लॅबमध्ये पाणी एकीकडून शिरतं, सळईच्या कडेनं वाहत जातं आणि भलत्याच खोलीत ओल दाखवतं.

जांभ्याच्या भिंतीबद्दलही हेच. चिरा खाणीतून निघताना कुऱ्हाडीनं तासता येतो इतका मऊ, हवेवर कडक होतो, पण छिद्रं तशीच राहतात. जमिनीतली ओल त्यात चढणारच. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो आणि मीठ स्वतःच्या अंगावर घेऊन भुरभुरतो. काही वर्षांनी तो खरवडून नवा करायचा. सिमेंटचं प्लास्टर वाट अडवतं. ओल भिंतीत आणखी वर चढते, क्षार प्लास्टरच्या पाठीमागे साठतात आणि पापुद्रा सुटतो तो चिऱ्याची सालपटं घेऊनच. शिवाय चुन्यात बारीक भेग पडली तर पाण्याबरोबर विरघळलेला चुना तिथंच पुन्हा साकळतो आणि भेग बुजवतो.

हे वाचून कुणी मला रिसॉर्टवाल्यांच्या ‘आजोळच्या घरा’च्या पंक्तीत बसवू नये. चुना सावकाश धरतो, पावसाळ्याच्या तोंडावर काम अडलं की सगळं वाहून जातं, घाणीवर मळलेला चुना ओळखणारे गवंडी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत. जुनं ते अमर, हेही खोटं. महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या घेऊन. आणि किल्लारी मी विसरलेलो नाही, म्हणून जांभ्याच्या भिंतींवर सगळीकडून फिरणारा काँक्रीटचा पट्टा आजही घालतो, भरपूर कव्हर देऊन. तो गंजेल, पण डोक्यावर कोसळणार नाही आणि घराबाहेरून डोळ्यांना दिसेल.

कौलांचा खरा वैरी पाऊस नाही, माकडं. एक टोळी उड्या मारत गेली की पन्नासेक कौलांचा चुरा. दरवर्षी मिरगाआधी शाकारायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी ऐकून स्लॅबच आठवते. लोक कौलं उतरवतात ती आळसापोटी नव्हे, हे मला आधीही माहीत होतं. तेव्हा तो मुद्दा माझ्या धंद्याला सोयीचा होता, आज अडचणीचा आहे.

सध्या एका घराचं काम चाललंय. मुलगा पुण्याला, त्याला कौलं हवीत. वडील गावात राहतात, त्यांना स्लॅब हवी. ‘तुम्हीच ना साहेब, आमच्या भावाला स्लॅब घालून दिलीत?’ असं त्यांनी मला विचारलं. ठरलं ते असं : राहत्या खोल्यांवर मंगलोरी कौलं, न्हाणीघर आणि स्वयंपाकघरावर लहानशी स्लॅब, कारण पाण्याची टाकी कुठंतरी ठेवायलाच हवी. भविष्यातल्या माळ्यासाठी खांबांच्या डोक्यावर सळया बाहेर सोडायच्या नाहीत, हेही मी लिहून घेतलं. त्या उघड्या सळया म्हणजे गंजाला आत यायला काढून दिलेला रस्ता. अडलंय ते माकडांपाशी. कौलांखाली पत्रा घातला तर गळती दिसणार नाही आणि लाकूड कोंडेल. वर जाळी मारली तर पालापाचोळा अडकेल आणि खाऱ्या वाऱ्यात जाळी काही वर्षांत संपेल. वडील म्हणाले, ‘संपू दे हो, दुसरी मारू.’ जाळीचा दर काढायला सांगितलाय.