अलकापुरीतली सिंधू

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग पुण्यात नाहीतर मुंबईत झाला असेल असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो बडोद्याला झाला, २० फेब्रुवारी १९१९ रोजी. गंधर्व नाटक मंडळीने तो केला आणि सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते. गडकरी मात्र तो पाहायला उरले नव्हते. जेमतेम महिन्यापूर्वी, २३ जानेवारीला, ते सावनेरला वारले होते.

आम्हा गोवेकरांची या नाटकाशी ओळख जत्रेतल्या मांडवात होते. देवळापुढच्या रंगमंचावर गावातलेच कोणीतरी सुधाकर होतात, तळीराम होतात, आणि तळीरामाला टाळ्या पडतात. कोंकणी तियात्रातला 'बेबदो' असाच. तो अडखळत आला की हशा ठरलेला. काजूच्या हंगामात घरोघर उर्राक येते, कोपऱ्याकोपऱ्यावर तावेर्न असते, त्यामुळे पिणाऱ्याकडे हसून बघायची आपल्याला सवय झाली आहे. तो घरी गेल्यावर काय होते, ते सिंधूला माहीत असते. आणि सिंधू बोलत नाही. नवरा हातून घडू नये ते घडवून बसतो, तरी ती मरता मरता त्याला वाचवायला खोटी जबानी देते. शंभर वर्षे आपण तिला पतिव्रता म्हणून डोळे पुसत आलो.

मला ही सिंधू प्रत्यक्ष भेटली ती बडोद्यातच, अलकापुरीत.

माझे आजोळ बडोद्याचे. गायकवाडांच्या चाकरीनिमित्त गेलेल्या अनेक मराठी घरांपैकी एक. दांडिया बाजारातला वाडा पडला तेव्हा मामाने स्टेशनच्या पश्चिमेला, गरनाळ्यापलीकडे अलकापुरीत फ्लॅट घेतला. अलका ही कुबेराची नगरी. मेघदूतातले यक्ष तिथे स्फटिकाच्या गच्चीवर बसून कल्पवृक्षाचे मद्य पितात. हे नाव बडोद्यातल्या श्रीमंत वस्तीला शोभते, पण ही वस्ती आहे गुजरातेत, म्हणजे कायद्याने कोरड्या राज्यात. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९६० साली गुजरात वेगळा झाल्यावर तिथे तसाच चालू राहिला. अर्थात बंदी असली तरी दारू असते. प्रकृतीच्या कारणासाठी डॉक्टरी तपासणीनंतर मिळणारे परमिट असते, ते दाखवून हॉटेलातल्या दुकानातून बाटली मिळते. परमिट नसेल तर फोनवर घरपोच आणून देणारा बूटलेगर असतो. गरिबाच्या वाट्याला पोटली येते, आणि कधीतरी लठ्ठाकांड. २००९ साली अहमदाबादेत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, २०२२ साली बोटाद भागात पुन्हा तेच झाले.

माझा मामेभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, केमिकल कंपनीत इंजिनिअर. २०१८ च्या फेब्रुवारीत बडोद्याला साहित्य संमेलन भरले तेव्हा मी त्यांच्याकडेच उतरलो होतो. सकाळी चहाच्या कपाला दादा दोन्ही हातांनी धरायचा. वहिनी कप अर्धाच भरायची. हिशेब त्या दोघांचा ठरलेला होता. कंपनीत फोन करून "ह्यांना ताप आहे" असे तीच सांगायची. सोसायटीत कोणाला कळू नये म्हणून रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून दूर टाकून यायचीही तीच. नवस झाले, गंडा झाला, मामीच्या गळ्याची शपथ झाली. सुधाकरसुद्धा शपथ घेतोच की. एकदा 'पिणाऱ्याला न कळत दारू सोडवा' अशा जाहिरातीतली पुडी मागवून तिने आमटीतही घातली होती. हा प्रकार वाटतो तितका साधा नाही. अशा पुड्यांत काय असते ते कोणी सांगत नाही. दारूशी रिॲक्शन देणारे डायसल्फिराम जर माणसाला न सांगता दिले आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते.

पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, वहिनीचा फोन आला. "भाऊजी, कुठे न्यायचं ह्यांना? आणि हे येणारच नाहीत म्हणतात, मग मी काय करू?" बहुतेक घरांचा गाडा या दुसऱ्या प्रश्नाशीच अडतो.

त्याचे उत्तर असे, की पेशंट येत नसेल तर घरच्यांनी आधी जावे. हे कोणी सांगत नाही म्हणून वर्षे वाया जातात. वहिनी तशी एकटीच एका केंद्रात गेली. तिथली समुपदेशक गुजराती होती. "बेन, तुम्ही कधीपासून झोपला नाहीत?" हा तिचा पहिला प्रश्न. वहिनी म्हणते, ह्यांच्याबद्दल विचारतील म्हणून मी सगळं पाठ करून गेले होते, आणि ह्या प्रश्नाला मला रडूच आलं. दारूबंदीच्या राज्यात डॉक्टरला सांगितले तर पोलीस येतील ही तिची भीती होती. तीही तिथे गेली. उपचाराची माहिती गुप्त ठेवली जाणे हा पेशंटचा कायदेशीर हक्क आहे, आणि बाटली कोणी आणून दिली हे तिला कोणी विचारलेच नाही. विचारले ते हे: रोज किती, किती वर्षे, शेवटचा प्याला कधी, प्यायली नाही तर हात थरथरतात का, कधी आकडी आली आहे का, भास झाले आहेत का, इतर कोणती औषधे चालू आहेत.

मग तिला गृहपाठ दिला. कंपनीत खोटा फोन करायचा नाही. त्याची उधारी फेडायची नाही. पडला तर इजा झाली नाही ना ते बघायचे, पण सकाळी सगळे आवरून काही घडलेच नाही असे दाखवायचे नाही. प्यायलेला असताना वाद घालायचा नाही. आणि सकाळी, शुद्धीत असताना, न ओरडता तारखेनिशी सांगायचे की अमुक दिवशी हे झाले आणि मला भीती वाटली. याला इंग्रजीत मोठमोठी नावे आहेत. माझ्या मते त्याचा अर्थ एवढाच, की सिंधूने सिंधू होणे थांबवायचे. अमेरिकेत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ साली सुरू झाली आणि १९५१ साली तिथल्या बायकांनी स्वतःसाठी अल-अ‍ॅनॉन काढली. नवऱ्याचे पिणे आपण सुरू केलेले नाही, आपण ते ताब्यात ठेवू शकत नाही आणि बरेही करू शकत नाही, हे तिथे एकमेकींना सांगितले जाते. ऐकायला निष्ठुर वाटते, पण वहिनी म्हणते की त्या दिवशी पाठीवरचे पोते उतरले.

याच काळात एका नातेवाइकाने दुसरा उपाय सुचवला होता. एक जागा आहे, फोन केला की चार धट्टीकट्टी माणसे येतात आणि झोपेतून उचलून नेतात. देशभर अशा जागा आहेत आणि तिथल्या मारहाणीच्या बातम्या आपण वाचतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारात समावेश आहे. त्यामुळे सज्ञान माणूस स्वतःच्या सहीने दाखल होतो आणि स्वतः मागितल्यास त्याला घरी जाता येते. तो स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असण्याइतका बिघडला असेल, तरच त्याच्या नियुक्त प्रतिनिधीच्या अर्जावरून, मनोविकारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, त्याला दाखल करता येते, आणि तेही आधी ३० दिवसांपर्यंत. साखळदंडाला कायद्यात पूर्ण मनाई आहे. तेव्हा केंद्र निवडताना नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतो का, रात्री नर्स असते का आणि घरच्यांना भेटू देतात का, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तर देताना कोणी चिडला तर उठून यावे.

दादा तीन आठवड्यांनी तयार झाला. कंपनीतून चौथी गैरहजेरी लागली आणि या वेळी वहिनीने फोन केला नव्हता. तो म्हणाला, "दहा दिवस येतो, बास." समुपदेशकाने सांगून ठेवले होते की दहा तर दहा, त्या क्षणी घासाघीस करू नका.

दाखल होण्याचा दिवस लग्नासारखा धावपळीचा आणि मर्तिकासारखा गप्प असतो. आधी अर्ज, संमतीपत्र, नियमांचा कागद, रक्ताच्या तपासण्या, लिव्हरची तपासणी. मग बॅग उघडून बघतात. मोबाइल, पैसे, आफ्टरशेव्ह, खोकल्याचे औषध, सगळे परत. दादासारख्या माणसाला हे अपमानाचे वाटले. त्याची बॅग तपासणारा मुलगा हसून म्हणाला, "साहेब, माझ्या बॅगेत तर साबणाच्या डबीत सापडली होती." तो मुलगा स्वतः तिथलाच जुना पेशंट होता. दादा तिथे पहिल्यांदा हसला.

पहिले आठ-दहा दिवस शरीराचे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने घरी एकदम बंद करणे धोक्याचे असते, हे फार घरांना माहीत नसते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन माणूस भिंतीवरचे किडे वेचू लागतो, आणि उपचार नसतील तर दगावूही शकतो. म्हणून झोपेच्या जातीची औषधे ठरलेल्या मात्रेत देऊन दिवसागणिक कमी करतात आणि मेंदूसाठी बी-१ जीवनसत्त्व टोचतात. तिसऱ्या रात्री दादाला मामा दारात उभा दिसला. मामा जाऊन सहा वर्षे झाली होती. नर्स रात्रभर उशाशी होती. घरी असता तर मामीने दृष्ट काढली असती.

शरीर सावरले की माणसाला वाटते झाले, आता जाऊ. खरे काम तिथून सुरू होते. पुण्याच्या मुक्तांगणने मराठी समाजाला हे शिकवले. अनिल अवचटांचे गर्दवरचे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, डॉ. अनिता अवचटांनी काम उभे केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले. तिथला उपचार ३५ दिवसांचा. पहाटे उठणे, योग, आपले अंथरूण आपण काढणे, गटात बसून स्वतःविषयी बोलणे, आणि बायकांसाठी वेगळा गट. दादाच्या केंद्राची रीतही साधारण अशीच होती. इंजिनिअरला भांडी घासायची पाळी आली आणि त्याच्या शेजारी रिक्षावाला होता. दारू दोघांना एकाच पद्धतीने खोटे बोलायला लावत होती, हे त्याला त्या मोरीवर कळले असे तो सांगतो. दहा दिवसांचे पस्तीस कधी झाले ते कोणी मोजले नाही.

तिसऱ्या आठवड्यात घरच्यांची बैठक झाली. मीही गेलो होतो. मामी म्हणाली, "माझा मुलगा वाईट नाही हो." समुपदेशक म्हणाली, "वाईट कोण म्हणतंय, मासी? आजारी आहे." वहिनीने मात्र कागद काढून वाचला. मुलीच्या वाढदिवसाची तारीख होती, स्कूटरवरून पडल्याची तारीख होती. दादा खाली बघत होता. शेवटी म्हणाला, "ह्यातलं अर्धं मला आठवतच नाही." वहिनी म्हणाली, "म्हणूनच लिहिलं."

घरी आल्यावर गोष्ट संपली असे झाले नाही. चौदा महिन्यांनी दादा पुन्हा प्यायला, तीन दिवस. सुधाकर शपथ मोडून प्याल्याकडे वळतो तेव्हा प्रेक्षकाला कळते की आता सर्व संपले. गडकऱ्यांच्या काळी या आजारावर खरेच उपाय नव्हता, त्यांचा दोष नाही. आज मधुमेहासारखाच पुन्हा उलटणारा आजार म्हणून याकडे बघतात. चौथ्या दिवशी वहिनीने केंद्राला फोन लावला. दादा स्वतः रिक्षात बसला. या खेपेला डॉक्टरांनी डायसल्फिराम सुरू केले, त्याला सगळे समजावून, त्याच्या सहीने. तेव्हापासून तो प्यायलेला नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस भारतात १९५७ साली आली, त्यांच्या बैठकीला दादा दर आठवड्याला जातो आणि "आजचा दिवस" एवढेच बोलतो.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत असे निघाले की दारूचे व्यसन जडलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणता तरी उपचार मिळतो, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळतो तो १८० मधून एकाला. बाकीच्यांच्या घरी कप अर्धा भरणे चालू असते, मग राज्य ओले असो की कोरडे. आमच्या गोव्यात 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साधी शिकवलेली माणसे बसवून, थोड्या भेटींत बोलूनही अतिमद्यपान आटोक्यात आणता येते, हे अभ्यासाने दाखवले. तो अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. म्हणजे दर वेळी भरतीच व्हायला पाहिजे असेही नाही. लवकर बोलले तर थोडक्यात भागते. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे घरच्यांनीही फोन करायचा असतो.

'एकच प्याला' यापुढेही जत्रेत लागेल आणि लागावे. सिंधू जात्यावर दळायला बसली की डोळ्यांत पाणी येईल, तेही येऊ द्यावे. फक्त मांडवात आपल्या शेजारी जी बाई जरा जास्तच रडते आहे, तिला नाटक संपल्यावर तो नंबर द्यावा.