नळीतला डाग

बंदूक या वस्तूशी माझा आजवरचा संबंध केवळ शब्दापुरता होता. बंदूक हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, काडतूस पोर्तुगीजांकडून मिळाले, आणि या दोघांचा संसार मराठीत बिनतक्रार चालला आहे, एवढे मी दरवर्षी वर्गात सांगतो. मुले हसतात, तास संपतो. प्रत्यक्ष बंदुकीसमोर उभे राहून तिच्याविषयी दोन शब्द खरे बोलण्याची पाळी आपल्यावर येईल, असे मला कधी वाटले नव्हते. ती पाळी मामांच्या मृत्यूने आणली.

मामा परतवाड्याचे. मेळघाटच्या पायथ्याशी त्यांची लाकडाची वखार होती. आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही सगळी भाचरे तिकडे जमत असू. रात्री अंगणात खाटा पडल्या, की मामांच्या वाघाच्या गोष्टी सुरू होत. वाघ तीन होते. गोष्टी मात्र दर सुटीत वाढत असत. अगदीच कोणी शंका काढली, तर मामा आत जाऊन कपाटातून बंदूक आणीत, बोल्ट मागे ओढून ती रिकामी असल्याचे आम्हांला दाखवीत आणि पुन्हा ठेवून येत. त्या काळ्या नळीपुढे शंका टिकत नसे. शिकार तोवर इतिहासजमा झाली होती. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, आणि देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होते. त्यामुळे मामा आमच्या लेखी शेवटचे शिकारी होते.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. परवाना त्यांच्या नावाचा. धनी गेला की घरात शस्त्र ठेवता येत नाही. म्हणून ती बंदूक अमरावतीच्या एका परवानाधारक दुकानात जमा करण्यात आली. मामेभाऊ कॅनडात. त्याने फोनवरून ‘विकून टाका’ एवढाच निरोप दिला. मग मामींचा मला फोन आला.

“दुकानदार म्हणतो, एक गिऱ्हाईक आहे म्हणून. एकट्या वाडीवर राहणारा शेतकरी आहे, परवाना आहे त्याच्याजवळ. तू एकदा जाऊन पाहून ये.”

“मामी, मला त्यातलं काय कळतं?”

“तू परीक्षक आहेस ना? पेपर तपासतोस ना? मग तपास. पैशाचं मागाहून पाहू. पण बार काढताना फुटायची असेल, तर कोणाच्या हाती देऊ नको बाबा.”

पारख आणि परीक्षा हे दोन शब्द एकाच घरचे, हेही मी वर्गातच सांगत आलो होतो. आता त्याची फळे भोगणे आले.

दुकानाच्या मागच्या खोलीत एक वृद्ध कारागीर बसत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी बंदूक टेबलावर पसरलेल्या जुन्या घोंगडीवर ठेवली. मी उत्साहाने हात पुढे केला.

“थांबा, प्रोफेसरसाहेब,” उस्ताद म्हणाले. “आधी रामराम नाही, आधी बोल्ट.” त्यांनी बोल्ट उघडला, आत बोट घालून काडतुसाची जागा चाचपली, खालची पेटी रिकामी असल्याची खात्री केली आणि मग बोल्टच काढून वेगळा ठेवला. “रिकाम्या बंदुकीनंच जास्त माणसं मेली आहेत.”

मग त्यांनी मला नळीच्या बुंध्यावरची खूण दाखवली. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. मी ओळखली, आमच्या घरच्या सायकलवर तीच खूण होती! बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्याचे मूळ काम १८६१ सालापासून बंदुकांचेच. सायकली मागाहून आल्या. घरात सगळे जिला बंदूक म्हणत ती खरे म्हणजे रायफल होती, तीनशेपंधरा बोअरची. हा आकडाही इंग्रजांच्या धास्तीतून आपल्याकडे रुजलेला. लष्कराची काडतुसे थ्री-नॉट-थ्रीची. ती खाजगी हत्यारांत चालू नयेत म्हणून हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांसाठी निराळा बोअर आला. रचना ली-एनफील्डच्या घराण्याची, काडतूस मूळचे ऑस्ट्रियाचे. आजोबांनी ती १९३८ साली विकत घेतली होती.

मी आपला दर्शनी गुणांवर गेलो. दस्त्याची पॉलिश जागजागी उडाली होती. नळीच्या मध्यावर, जिथे हातात धरून चालताना बोटे पडतात तिथे, निळसर काळा रंग जाऊन पांढरे पोलाद दिसत होते. “अवस्था वाईट दिसते,” मी म्हणालो.

उस्ताद हसले. त्यांनी भिंतीवरची दुसरी रायफल खाली घेतली. ती नव्या नवरीसारखी चकचकीत होती. “हिच्यावरची अक्षरं वाचा.” मी वाचू लागलो, अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या गोल झाल्या होत्या. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या, भोवतीचे पोलाद किंचित खोलगट. “घासून घासून नवा रंग चढवला आहे. गंज लपवायला. आता तुमची पाहा.” मामांच्या बंदुकीवरचे प्रत्येक अक्षर टाकाने कोरल्यासारखे उभे होते. स्क्रूच्या खाचा सरळ होत्या. रंग गेलेला चालतो, रंगवलेली चालत नाही, हा मला मिळालेला पहिला धडा.

पुढचे धडे भराभर आले. दस्ता जिथे मनगटासारखा बारीक होतो, तिथे लाकडाला उभी चीर आहे का ते आधी पाहायचे. बार उडाला की मागे येणारा धक्का तिथेच बसतो. वर्षानुवर्षे जास्त तेल पाजले, तर तिथले लाकूड काळे पडून कुजते. बोल्टवरचा आणि नळीच्या बुंध्यावरचा क्रमांक एकच हवा. दुसऱ्या बंदुकीचा बोल्ट म्हणजे दुसऱ्याच्या मापाचे दात. बोल्ट बंद झाल्यावर ज्या खांद्यांवर सगळा दाब येतो, त्या दोन्ही खांद्यांवर घासल्याची खूण सारखी हवी. एकावरच असली, तर भार एकटाच वाहतो आहे असे समजावे.

मग उस्तादांनी दोन चकत्या काढल्या. बोल्ट मिटल्यावर त्याच्या तोंडात आणि नळीत काडतुसाच्या बुडापुरतीच जागा उरली पाहिजे. ती वाढली, तर बार होताना पितळी कवच मागच्या बाजूला ताणते, कधी फाटतेही, आणि आतला जळता वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. मामींची भीती नेमकी हीच होती. पातळ चकतीवर बोल्ट अलगद मिटला. जाड चकतीवर अडला. अडायलाच हवा होता. मी इतका वेळ श्वास रोखून धरला होता, हे सोडल्यावर कळले.

मोकळा बोल्ट मिटवून, खटका लावून उस्तादांनी चाप ओढला. काही झाले नाही. चाप सोडून खटका काढला. तरीही काही झाले नाही. “पुष्कळ जुन्या बंदुकी इथंच दगा देतात,” ते म्हणाले. “खटका लावलेला असताना चाप ओढला गेला, तर खटका काढताक्षणी उडतात.” मग दस्त्याच्या बुडाला रबरी हातोडीने दोनतीन ठोके दिले. बोल्ट हलला नाही.

राहिली नळी. तिचे तोंड आधी पाहिले. गोळी जिथून शेवटची बाहेर पडते, ती कड एका बाजूने जरी झिजली, तरी नेम चुकतो. ती गोल आणि तीक्ष्ण होती. मी माझ्या फोनचा दिवा बुंध्याकडून आत धरला आणि डोळा लावला. आटे पिळदार, लखलखीत दिसले. “सुंदर!” मी म्हणालो.

“ते तेल आहे, साहेब. तेलाखाली सगळंच सुंदर.”

त्यांनी गजाला कोरडी चिंधी लावून नळीतून दोनदा फिरवली. “आता पाहा.”

आटे तसेच धारदार होते. पण काडतुसाच्या जागेच्या पुढे चार बोटांवर काळे ठिपके दिसू लागले, देवीच्या व्रणांसारखे. आणि ते विरळ होत पार तोंडापर्यंत गेले होते. माझा चेहरा पडला.

“धोका नाही,” उस्ताद म्हणाले. “नळी कुठं फुगलेली नाही. फुगली असती, तर आत सावलीचं कडं दिसलं असतं. मग मी हिला दुकानाबाहेर जाऊ दिली नसती. पण भाव उतरेल. खड्ड्यांत मळ बसतो, नेम थोडा पसरतो.” आणि मग, जणू स्वतःशीच, “अजब आहे. ही फिरली फार, उडाली कमी. बाहेरून झिजली ती हातांनी, आतून आटे शाबूत. आणि ज्यानं इतकं जपलं, त्यानं एक पावसाळा मात्र तशीच टाकली.”

“पावसाळा कशावरून?”

जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ठिणगी पडली, की त्याचे क्लोराइड होते. म्हणजे आपल्या मिठाचा सख्खा भाऊ. ते नळीत चिकटून राहते आणि हवेतले पाणी ओढते. शिकारी लोक त्याच रात्री नळीत गरम पाणी ओतीत, पुसून कोरडी करीत आणि मग तेल लावीत. “तेलात मीठ विरघळत नाही, साहेब, पाणीच लागतं. एक बार काढायचा, तशीच ठेवायची आणि मेळघाटचा पाऊस. दसऱ्यापर्यंत हे असं होतं.”

संध्याकाळच्या गाडीने मी परतवाड्याला गेलो. मामी ओसरीवर वाती वळीत बसल्या होत्या. फुटायची भीती नाही, हे ऐकून त्यांनी सुस्कारा सोडला. मग मी डागाचे सांगितले, उस्तादांचा तर्कही सांगितला. त्यांचे हात थांबले.

“एका डागावरून एवढं कळतं त्याला?”

मी काही बोललो नाही.

“आमच्या लग्नाला चौथं वर्ष होतं,” त्या म्हणाल्या. “अडुसष्ट साल. मृग लागायच्या आधी गेले होते एकदा. तिन्हीसांजेला सांबर समजून बार काढला. नर समजले होते, ती मादी निघाली. जवळ गेले, तर पाडस तिथंच उभं. पळेना. घरी आले ते बंदूक कपाटात उभी केली आणि न जेवता निजले. पाणी तापव म्हणाले नाहीत. मला तरी काय ठाऊक, नेहमी का तापवतात ते! पावसाळाभर त्या कपाटाला हात लावला नाही त्यांनी. दसऱ्याला पूजेसाठी काढली, तेव्हा तांबूस पाणी आलं नळीतून. दोन दिवस घाशीत बसले होते.”

“आणि नंतर?”

“नंतर रोज बरोबर नेत. जंगलात कूप पाहायला जायचं, वाट एकट्याची. पण जनावरावर नाही उचलली. शेवटपर्यंत.”

मला अंगणातल्या खाटा आठवल्या. “मामी, मग ते तीन वाघ?”

“वाघ तुझ्या आजोबांचे,” मामी म्हणाल्या. “गोष्टी यांच्या. तुम्हां पोरांना गोष्ट पाहिजे असे, आणि यांना ही गोष्ट सांगता येत नसे.”

त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. वीस वर्षे मी उत्तरपत्रिका तपासतो आहे. खाडाखोड दिसली की गुण कापतो, स्वच्छ प्रत दिसली की मन प्रसन्न होते. खाडाखोडीखाली एखादा मुलगा प्रामाणिकपणे विचार बदलत असतो आणि स्वच्छ प्रत कधीकधी शेजाऱ्याची असते, हे मला माहीत नव्हते असे नाही. पण तपासताना तेल पुसून पाहण्याचे कष्ट मी किती वेळा घेतले? माणसांच्या बाबतीत तर त्याहून कमी. मामांना मी त्यांच्या वाघांवरून मोठे मानले होते. ते मोठे होते, पण वाघांमुळे नव्हते.

शेतकरी पुढच्या आठवड्यात दुकानात आला. आदल्या दिवशी दुकानदाराने मला हळूच सुचवले होते, की नळीला तेल असू द्यावे, गिऱ्हाईक काही गज घालून पाहणार नाही. मी मामींना फोन केला. “डाग दाखवून विक,” त्या म्हणाल्या. दुसरे काही बोलल्या नाहीत. उस्तादांनी शेतकऱ्यासमोर चिंधी फिरवली, त्याला दिव्यावर नळी दाखवली, धोका काय आणि दोष काय हे समजावून सांगितले. चार हजार कमी आले. सगळे कागद रीतसर झाल्यावर ती बंदूक त्याच्या परवान्यावर चढली.

मी पैसे घेऊन मामींकडे गेलो. त्यांनी ते मोजले नाहीत, देवापुढे ठेवले.

“कशानं पडला डाग, असं विचारलं का त्यानं?”

“विचारलं.”

“काय सांगितलंस?”

“एका पावसाळ्यात साफ करायची राहून गेली, म्हणून सांगितलं.”

मामी जरा वेळ थांबल्या. “खोटं नाही ते,” म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.