शेंगांच्या गावातील आजोळ

मुंबईहून रात्री निघालेली सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी सोलापुरात पोहोचते. चादरींसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाची दुसरी ओळख म्हणजे शेंगाचटणी. भाजलेले दाणे तेल सुटेपर्यंत उखळात कुटायचे, त्यात तिखट, जिरे, मीठ घालायचे. जैन घरांत लसूण तेवढा वगळायचा. कडक भाकरीसोबत ही चटणी, सणाला शेंगापोळी, पालेभाजीत व कोशिंबिरीत दाण्याचे कूट आणि कढईत घाण्याचे तेल. निघताना पाहुण्याच्या हाती चटणीची पुडी ठेवल्याशिवाय यजमानाचे समाधान होत नाही.

शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेले मूल घेऊन अशा गावी माहेरी येणे ही आईची परीक्षाच असते. शेंग मातीखाली वाढते, तरी ती कंदमूळ नव्हे, म्हणून जैन स्वयंपाकघरात तिला मज्जाव नाही. मात्र या बालकाच्या शरीराला तिच्यातील प्रथिने शत्रू वाटतात. कुटाचा चमचा डाळीत बुडाला, तरी काही मिनिटांत अंगावर गांधी उठू शकतात, ओठ सुजू शकतात, श्वास कोंडू शकतो. अशा वेळी मांडीच्या बाहेरील बाजूस ॲड्रेनलिनचे इंजेक्शन आणि तत्काळ रुग्णालय, हाच उपाय. खाजेच्या गोळीवर विसंबून वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

“आपल्या घरात शेंगा कुणाला बाधल्या नाहीत, थोडे थोडे दिले की सवय होईल,” असे आजी मायेने म्हणते. तिच्या बोलण्यात तथ्याचा अंश आहे. लंडनमध्ये ६४० बालकांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ॲलर्जीचा धोका असलेल्या तान्ह्या मुलांना लवकर शेंगदाण्याचे पदार्थ दिल्याने पुढे ॲलर्जीचे प्रमाण पुष्कळ घटल्याचे दिसले. पण ती गोष्ट ॲलर्जी जडण्यापूर्वीची. ती जडल्यानंतर घरी प्रयोग करणे घातक ठरते. पुढील उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावेत.

बाजारातही दक्षता हवी. भारतातील २०२० च्या नियमांनुसार वेष्टनावर शेंगदाणा, दूध, सोयाबीन इत्यादींचा उल्लेख बंधनकारक आहे. सुटा फरसाण व घाण्याचे तेल मात्र विचारूनच घ्यावे लागते. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत, घाण्याच्या तेलात ती राहू शकतात.

हे विचारणे जैन कुटुंबांना नवे नाही. उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या या जन्मगावातून जीवराज जैन ग्रंथमालेने अनेक प्राचीन ग्रंथ प्रकाशात आणले. मुनींच्या आहारातील सावधगिरीला शास्त्राने एषणा समिती म्हटले आणि तिला पाच समितींत स्थान दिले. श्रावकाच्या घरीही पाणी गाळणे, धान्य निवडणे, पदार्थात काय आहे ते विचारणे हा रोजचा संस्कार आहे. तोच संस्कार एका बालकासाठी थोडा पुढे न्यायचा आहे: वेगळी कढई, वेगळा चमचा, समारंभाच्या जेवणात आचाऱ्याला आधी सूचना आणि मुलाला न विचारता खाऊ न देणे.

आजीने उखळ माळ्यावर ठेवून नातवासाठी वेगळ्या भांड्यात खोबऱ्याची चटणी वाटली, की आई निश्चिंतपणे जेवायला बसते. माहेरपण खऱ्या अर्थाने तेव्हाच सुरू होते.