भाचीची मुलाखत

मुलाखतीला काय घालून जायचे यावर आपाच्या घरी चार दिवस चर्चा चालली होती. तिथे गेल्यावर बोलायचे काय, हा विषय कुणी काढलाच नाही. भाची मात्र मोबाइलवरचा एक व्हिडिओ बघून इंग्रजी उत्तरे पाठ करत बसली होती. मी मेहनती आहे, मी वेळेची पक्की आहे, मला सगळ्यांबरोबर मिळून काम करायला आवडते. पाठांतर अगदी चोख. आमच्या उर्दू शाळांमधून आणखी काही मिळो न मिळो, पाठांतर पक्के होते. शिक्षिका असूनही हे लिहिते आहे.

नोकरी सांगलीतल्या एका शुश्रूषा केंद्रातली. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, लकव्याचे रुग्ण, ऑपरेशननंतर काही आठवडे सांभाळावे लागणारे लोक तिथे असतात. भाचीने बारावीनंतर जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे जीडीएचा कोर्स केला आहे. मोहल्ल्यात मात्र सगळे तिला ‘नर्स झाली’ असेच म्हणत होते. एएनएमला दोन वर्षे लागतात, जीएनएमला तीन, आणि त्यांची नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. जीडीए काही महिन्यांत होतो. रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, बेडपॅन देणे, ताप, नाडी, रक्तदाब बघून लिहून ठेवणे, हे तिचे काम. इंजेक्शन देणे तिचे काम नाही. तेव्हा पहिली गोष्ट मी तिला सांगितली ती हीच, की आपण कोण आहोत ते तिथे नीट सांगायचे. कमी नाही आणि जास्तही नाही.

आमचे गाव मिरज. इथल्या मिशन हॉस्पिटलची सुरुवात 1894 मधली, त्यामुळे दवाखान्यात नोकरी करणाऱ्या बायका आमच्या डोळ्यांना नव्या नाहीत. पण स्वतःच्या घरातली मुलगी निघाली की गोष्ट वेगळी होते. दुल्हाभाई म्हणाले, “लोकांची घाण काढायला पाठवू का पोरीला?” त्यांचे गॅरेज बंद पडून वर्ष झाले होते, घर आपाच्या शिलाईवर चालले होते, तरी ते असे म्हणाले. मी त्यांना हजरत रुफैदा (रजि.) यांची आठवण दिली. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांना मस्जिदे नबवीतल्या तंबूत ठेवले होते आणि असलम कबिल्याच्या हजरत रुफैदा (रजि.) तिथे जखमींची खिदमत करत होत्या, हे सीरतच्या पुस्तकांत आहे. दुल्हाभाईंनी अदबीने ऐकून घेतले आणि म्हणाले, “त्या सहाबिया होत्या.” तेवढ्यात आपा, जी नवऱ्यासमोर सहसा बोलत नाही, शिलाई मशीनवरूनच म्हणाली, “तुमच्या अम्मीची कोण काढत होतं?”

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. दुल्हाभाई टोपी घेऊन मगरिबला निघून गेले. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

भाचीची दादी लकव्याने अडीच वर्षे अंथरुणावर होती. आपा दिवसभर मशीनवर, घरात लहान भावंडे, त्यामुळे दादीचे सगळे भाचीनेच केले. तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती. आणि ही पोरगी मुलाखतीसाठी मोबाइलमधली वाक्ये पाठ करत होती! मी म्हटले, व्हिडिओ बंद कर आणि मराठीत सांग, दादीसाठी तू दिवसभर काय करायचीस?

“सब करती थी, खाला.”

सब म्हणजे काय? सकाळी उठल्यावर पहिले काय? मग हळूहळू एकेक बाहेर येऊ लागले. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीमागे आणि गुडघ्यांच्या मध्ये उशी लावायची. चादरीला सुरकुती ठेवायची नाही. कुर्ता घालताना आधी लुळा हात बाहीत घालायचा, काढताना तो हात सर्वांत शेवटी. पाण्याने दादीला ठसका लागायचा, म्हणून डाळ घट्ट करून, बसवून, चमच्या-चमच्याने भरवायची. गिळल्याशिवाय पुढचा चमचा नाही. आणि जेवण झाले की लुळ्या बाजूच्या गालात बोट फिरवून बघायचे, कारण घास तिथे अडकून राहतो आणि दादीला ते कळत नसे. अडीच वर्षांत दादीच्या पाठीला एकही जखम झाली नाही. कोर्समध्ये यातल्या बऱ्याच गोष्टी तिला पुन्हा शिकवल्या, फक्त इंग्रजी नावांनी. ती नावे म्हणजे आपणच घरी केलेले काम, हे तिच्या लक्षात आले नव्हते. हे ऐकल्यावर आपा मशीन थांबवून तिच्याकडे बघत राहिली.

आता प्रश्न भाषेचा. भाची दहावीपर्यंत उर्दू माध्यमातली, घरची बोली दखनी. बाजारापुरते मराठी तिला छान येते, पण आजारपणाचे मराठी वेगळे असते. सांगलीच्या आजीबाई काही इंग्रजीत कण्हणार नाहीत. त्या म्हणणार, पोटात कालवतंय, घेरी येतेय, पायाला मुंग्या आल्यात, हातपाय गळाले, धाप लागली, छातीत चमक निघते. मी तिला वहीत दोन रकाने पाडून दिले. एकीकडे मतली, दुसरीकडे मळमळ. हिचकी आणि उचकी, दम फूलना आणि धाप लागणे. एका शब्दावर आम्ही बराच वेळ घालवला. “मला घाबरं होतंय” असे रुग्ण म्हणाला तर ही पटकन “घाबरू नका, मी आहे ना” म्हणेल, अशी मला धास्ती. ते घाबरणे भीतीचे असेलच असे नाही. श्वास, छाती, घाम, काहीही असू शकते. तेव्हा धीर द्यायचाच, पण नाडी बघायची, श्वास बघायचा आणि लगेच सिस्टरला बोलवायचे. दोन्ही भाषा शिकवते म्हणून सांगते, ‘जी घबराना’ आणि ‘जीव घाबरा होणे’ इतके जवळचे आहेत, तरी ऐन वेळी मुलगी फसू शकते.

हात धुण्याबद्दल तिला काळजी नव्हती. कोपरापर्यंत हात धुवायची सवय आपल्याला वुजूने लावलेलीच आहे. फक्त तिथे साबण लागतो, नखांच्या खालची जागा लागते आणि 40 ते 60 सेकंद लागतात. बांगड्या आणि अंगठी घरी ठेवून जायचे. ओढणीचा प्रश्न मी तिला स्वतःहून विचारायला सांगितला. स्कार्फ युनिफॉर्मच्या आत खोचलेला, टोक लोंबणार नाही, पिना नाहीत, बाही कामाच्या वेळी वर. त्यांना चालत असेल तर ठीक, नसेल तर पहिल्याच दिवशी कळलेले बरे. रुजू झाल्यावर रोज कुरबूर नको.

सगळ्यात अवघड प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. पुरुष रुग्णाची स्वच्छता करशील का? भाची खाली बघत बसली. दुसऱ्या दिवशी ती ओळखीच्या एका आलिमांकडे जाऊन आली. त्यांनी जरूरतचा मसला समजावला. मग तिने स्वतःचे उत्तर तयार केले, त्यात माझा एक शब्द नाही. पुरुष कर्मचारी हजर असेल तर ते काम त्याने करावे, असे मी म्हणेन. पण कुणी नसेल आणि बाबा ओले पडले असतील, तर मी पडदा ओढेन, त्यांना सांगून करेन, वाट बघत बसणार नाही.

मुलाखत म्हणजे फक्त त्यांनी विचारायचे, असे आमच्या मुलींना वाटते. आपणही विचारायचे. पाळी किती तासांची, एका पाळीत किती रुग्ण, सुट्टी कधी, रात्री घरी कसे यायचे, नेमणुकीचे पत्र मिळणार का. मूळ सर्टिफिकेट दाखवायचे, झेरॉक्स द्यायची, मूळ प्रत ठेवून यायची नाही. आणि दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर 2013 च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी लागते, तीत कोण आहे हेही विचारायचे. कुणाच्या घरी जाऊन काम करणाऱ्या बाईलाही तो कायदा लागू आहे, तिच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. हे ऐकून आपा जास्त निश्चिंत झाली. स्कार्फपेक्षा तिला हीच काळजी होती, पण बोलून दाखवत नव्हती.

मुलाखत पंधरा-वीस मिनिटांत आटोपली. इंग्रजीत एकच प्रश्न झाला, नावाचा. हेपेटायटिस बीचे तीनही डोस झालेत का, ते विचारले. मग तिथल्या सिस्टरने एका मावशींना पलंगावर झोपवले आणि म्हणाली, यांची उजवी बाजू लुळी आहे, यांना गाऊन घाल. भाचीने आधी “आजी, मी कपडे बदलते हं” असे सांगितले आणि उजवा हात बाहीत घातला. सिस्टरने पुढे काही करायला लावले नाही. पुरुष रुग्णाचा प्रश्न आलाच. उत्तर ऐकून ती म्हणाली, आमच्याकडे दिवसा दोन ब्रदर असतात, रात्री एकच.

सध्या दिवसपाळी आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. पगार सांगितला होता त्यापेक्षा तीन महिने थोडा कमी मिळेल, हे पत्रात लिहून दिले आहे. जुहर आणि असर ती कपड्यांच्या खोलीत पढते. विशीतल्या मुलीला सगळे ‘मावशी’ म्हणून हाका मारतात याचे तिच्या धाकट्या भावाला फार हसू येते. रात्री साडेआठला दुल्हाभाई स्टँडवर स्कूटर घेऊन उभे असतात. पुढच्या महिन्यात रात्रपाळी लागणार आहे. त्याबद्दल घरात अजून काही ठरलेले नाही, पण परवा दुल्हाभाईंनी मला फोन करून विचारले, सकाळी आठ वाजता सुटली तर सांगलीहून पहिली बस कितीला मिळेल?