तीन पॉइंट दोन

गेल्या ऑगस्टमध्ये आईला न्यूमोनिया झाला. वय एकाहत्तर. तीन दिवस ताप उतरेना, खोकला आला की छातीवर हात दाबून बसायची. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला: सीआरपी ९६, ईएसआर ८४. शेजारी छापलं होतं, सीआरपी ५ पर्यंत नॉर्मल. पाचाच्या जागी शहाण्णव बघून माझे हातपाय गळाले. ऑक्सिजन चांगला होता म्हणून डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं. सात दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, पाचव्या दिवशी पुन्हा रक्त.

नेमका पाचव्या दिवशी पाऊस कोसळला. आम्ही नेहरूनगरला राहतो, आधीची लॅब स्टेशनपलीकडे, पश्चिमेला. रस्त्यात गुडघाभर पाणी, आईला घेऊन जाणं शक्यच नव्हतं. म्हणून घरी येऊन रक्त नेणाऱ्या दुसऱ्याच लॅबला फोन केला. संध्याकाळी त्यांच्या मुलाचा मेसेज आला: 'सीआरपी ३.२, ईएसआर ९०. रिपोर्ट रात्री पाठवतो.'

मी ओरडलेच, "आई, नॉर्मल आलं!"

"मग ती गोळी राहू दे आता," आई म्हणाली. "पोटात नुसती आग पडते."

मी राहू दिली. रात्रीची एक आणि सकाळची एक, दोन गोळ्या चुकल्या. ते मला आजही बोचतं.

मनात एकच शंका होती: सीआरपी उतरलं, मग ईएसआर वाढलं कसं? दुपारी पाणी ओसरल्यावर तेवढं विचारायला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट उघडला आणि आकड्यावर नाही, त्याच्या पुढच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. आधीच्या लॅबचा आकडा मिलिग्रॅम प्रति लिटर होता. हा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग. दहाने गुणायचं. ३.२ म्हणजे ३२. या लॅबची नॉर्मलची हद्दही ०.५ छापलेली होती. मी रिपोर्ट आल्यावर उघडूनसुद्धा पाहिला नव्हता.

"गोळ्या चालू आहेत ना?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. "घरी जाऊन लगेच द्या. पोटासाठी वेगळी गोळी लिहून देतो. शहाण्णवाचे बत्तीस झालेत, म्हणजे औषध लागू पडतंय. पण काम संपलेलं नाही."

मग ईएसआर. ते म्हणाले, उभ्या नळीत रक्त ठेवतात आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात. ताक ठेवून दिलं की खाली गाळ बसतो आणि वर निवळ येते, ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. अंगात दाह असला की रक्तात फायब्रिनोजेन वाढतं, त्याने लाल पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होऊन लवकर बसतात. हे फायब्रिनोजेन सावकाश उतरतं. म्हणून पेशंट सुधारत असतानाही ईएसआर काही दिवस वरच राहतं, कधी थोडं चढतंसुद्धा. शिवाय आईचं हिमोग्लोबिन साडेनऊ. रक्त कमी असलं, वय झालेलं असलं तरी हा आकडा फुगतो. सीआरपीचं तसं नाही. ते यकृतात तयार होतं, दाह सुरू झाला की काही तासांत चढतं, आणि दाह थांबला की साधारण एकोणीस तासांत निम्मं होतं. पाचव्या दिवशी बघायचं ते सीआरपी.

पण दाह फुफ्फुसात आहे की सांध्यात की आणखी कुठे, हे दोन्ही आकडे सांगत नाहीत. ते एक्स-रेने आणि आईच्या छातीला लावलेल्या स्टेथोस्कोपने सांगितलं होतं. सीआरपीचा शोध मुळात न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तातच लागला, १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये, हे मी नंतर वाचलं आणि उगीचच त्या रोग्यांबद्दल आपुलकी वाटली. तेव्हा पेनिसिलिनसुद्धा औषध म्हणून हाती आलं नव्हतं.

डॉक्टरांनी गोळ्या तीन दिवस वाढवल्या. पुढचं रक्त मी पहिल्याच लॅबमध्ये दिलं, आईला रिक्षाने घेऊन जाऊन. सीआरपी ४, मिलिग्रॅम प्रति लिटर. ईएसआर अजून ५८ होतं. आईने चष्मा लावून विचारलं, "हे अठ्ठावन्न कशाला राहिलं?"

"ते सावकाश उतरतं, आई," मी म्हटलं, आणि तिला ताकाचं सांगायला बसले.