सुताराचे पक्षी

रुमानियातल्या तर्गू जिऊ गावी मी एक खांब पाहायला निघालो, तेव्हा घरची मंडळी हसली. पण खांब चांगला २९ मीटर उंच. शंकरपाळ्यांवर शंकरपाळे रचावे तसा, आणि रंगही तसाच सोनेरी! १९३८ साली तो उभा केला कॉन्स्टंटिन ब्रांकुशी याने. मूळचा हा शेजारच्या होबित्सा खेड्यातला, मेंढरे राखणारा पोर. क्रायोव्याच्या कलाशाळेत लाकूडकाम शिकला. तिकडच्या लाकडी घरांच्या ओसरीचे कोरीव खांब पाहिले की या लोखंडी खांबाचे गोत्र लगेच कळते.

पुढे पॅरिसमध्ये त्याने पक्षी घडवले. त्यांना ना चोच, ना पंख, नुसती झेप. त्यातले तीन आपल्या इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी घेतले. त्यांच्यासाठी ध्यानमंदिर बांधायचे ठरले. १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुशी त्यासाठी खुद्द इंदुरास येऊन गेला. मंदिर काही झाले नाही. काळ्या आणि पांढऱ्या संगमरवराची ती जोडी आज ऑस्ट्रेलियात, कॅनबेऱ्याच्या संग्रहालयात आहे. इंदूरकरांना आपले पक्षी पाहायचे तर समुद्र ओलांडावा लागतो!